शेवंताआत्याचं पथ्य

वैद्यकीय बोर्डाच्या डॉक्टरांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली, मला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि विचारलं, "कावीळ कधी झाली होती?"

"झालीच नाही कधी," मी म्हटलं.

"मग आता झालीय."

त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. हिमोग्लोबिन, साखर, लघवी, सगळं ठीक होतं. एकाच ओळीखाली लाल रेघ मारलेली होती. बिलिरुबिन २.१. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत नॉर्मल किती ते छापलेलं होतं, ०.३ ते १.२.

वनरक्षकाच्या भरतीत मी लेखी परीक्षा पास झाले होते, सोळा किलोमीटर चालायची परीक्षाही वेळेत संपवली होती. निवडयादीत माझं नाव अगदी तळाला होतं, पण होतं. राहिली होती ती वैद्यकीय तपासणी, आणि ती नुसती औपचारिकता असते असं सगळ्यांनी मला सांगितलं होतं. दोन पाय, दोन डोळे असले की झालं. माझ्या डोळ्यांनीच घात केला.

"साहेब, हे बिलिरुबिन म्हणजे काय असतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून आलेल्यांपैकी कुणी त्यांना काही विचारलं नसावं. "रक्तातला पिवळेपणा. लिव्हर बिघडली की वाढतो."

"पण मला काहीच होत नाही. भूक लागते, परवा सोळा किलोमीटर चालले."

"तुला काय होतंय ते मी लिहीत नाही, कागदावर काय आलंय ते लिहितो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दारापर्यंत रांग होती. त्यांनी 'तात्पुरती अपात्र' असा शिक्का मारला आणि दीड महिन्यानं पुन्हा यायला सांगितलं. तेव्हाही आकडा चौकटीबाहेर असला तर माझं नाव कटणार आणि प्रतीक्षायादीतली मुलगी घेणार. ती मुलगी बाहेर बाकावरच बसली होती. सकाळी तिनं मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. मी बाहेर आले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही.

मला जंगल हवं होतं. आजऱ्याजवळचं आमचं गाव जंगलाला खेटूनच आहे. लहानपणापासून मी दिसेल त्या झाडाचं नाव विचारायची, नाव सांगितलं की ते का म्हणून विचारायची, आणि मग धपाटा खायची. धपाटा बहुतेक वेळा शेवंताआत्याचा असायचा. "किती विचारशील गं सारके," ती म्हणायची, "तोंड हाय का गिरणीचा पट्टा?" शिवाय वडिलांशी, म्हणजे अण्णांशी, माझा करार झालेला होता. या वर्षी नोकरी लागली तर ठीक, नाही तर येईल ते स्थळ बघायचं. अण्णा सायकली दुरुस्त करायचे, मोजकं बोलायचे आणि बोललेलं पाळायचे. त्यामुळे दीड महिन्यात मला एक आकडा खाली आणायचा होता, आणि तो कशानं वर गेला ते ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. आत्या उठली, चुलीवरचं आमटीचं भांडं खाली उतरवलं आणि फोडणीची पळी धुऊन फळीवर उपडी घातली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. तिचा नवरा लग्नानंतर दोनेक वर्षांतच काविळीनं गेला होता आणि तेव्हापासून ती आमच्या घरी होती. गावात एवढंच माहीत होतं, आम्हालाही तेवढंच. त्या माणसाविषयी ती कधी बोलायची नाही आणि तिला कुणी रडताना पाहिलेलं नव्हतं. पण गावात कुणाचे डोळे जरा पिवळे झाले की आत्या बोलावल्याशिवाय त्या घरी जायची आणि पथ्य घालून द्यायची. या बाबतीत तिच्यापुढे सरपंचाचंही चालत नसे.

माझं पथ्य दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तेल नाही, तूप नाही, फोडणी नाही. हळद तर नाहीच, कारण पिवळ्यानं पिवळं वाढतं. सकाळी पेज, दुपारी ताकभात, संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे. सोमवार-गुरुवार तेही नाही. आईनं एकदा दबक्या आवाजात पोरगी वाळतेय म्हणून पाहिलं. आत्यानं नुसतं तिच्याकडे बघितलं आणि आई भांडी घासायला गेली.

पथ्याला जोड म्हणून माळ आली. पलीकडच्या वाडीत एक म्हातारा रविवारी आणि बुधवारी कावीळ उतरवायचा. कसल्याशा मुळीचे बारके तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून तो एक माळ करायचा आणि ती डोक्यावर टोपीसारखी बसवायचा. माळ आपोआप वाढते, गळ्यात येते, छातीवर येते, बेंबीपर्यंत पोचते. माळ जेवढी वाढली तेवढी कावीळ उतरली, असा हिशोब. आणि खरोखरच ती वाढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझी माळ गळ्यात आलेली होती. मला मोठी गंमत वाटली. भीती बाजूला राहिली आणि ही वाढते कशी, हा किडा डोक्यात शिरला.

मुळी मी ओळखली. आमच्या कुंपणाकडेला ती वेल भरपूर होती. मी मुळ्या उपटल्या, म्हाताऱ्याच्या गाठी पाहून तशाच गाठी मारल्या आणि दुसरी माळ करून माजघरातल्या खुंटीला टांगली. चार दिवसांत माझी माळ हातभर वाढली, आणि खुंटीचीही हातभर वाढली. मुळीचे तुकडे वाळून बारीक होत होते आणि गाठी सैल पडून दोरा लांबत होता. खुंटीला काही कावीळ झालेली नव्हती.

मी मोठ्या दिमाखात आत्याला खुंटीपाशी नेलं. तिनं दोन्ही माळा हातात धरून पाहिल्या. मग म्हणाली, "त्या खुंटीवर तू ओढणी टांगतीस न्हवं? तुझीच लागली असंल तिला." आणि पेजेचं भांडं माझ्यासमोर ठेवलं.

पंधरवड्यानं मी गडहिंग्लजला रक्त तपासायला गेले. प्रयोगशाळेत उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं. आत्याचं म्हणणं असं, की करायचं तर नीट करावं, त्यामुळे आदल्या दुपारपासून मला पाण्याशिवाय काही मिळालं नाही. बसमध्ये डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आकडा आला २.८.

आत्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. पथ्य कमी पडलं, एवढंच. तिनं ताकभातातला भात कमी केला, मग भात काढूनच टाकला. चणे जड पडतात म्हणून तेही गेले. मी टेकडीवर चालायला जायची ते बंद झालं, कारण चढावर पाय लटपटायला लागले. आता आरशातसुद्धा डोळ्यांचा पिवळेपणा दिसत होता. शेजारच्या बायका दारात येऊन हळहळून जायच्या आणि जाताना कुणा-कुणाचं काय काय झालं होतं ते सांगून जायच्या. पुढच्या पंधरवड्याला आकडा ३.४ झाला. अण्णांनी तो कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. संध्याकाळी ते कुणाशी तरी निपाणीच्या एका मुलाविषयी बोलत असल्याचं मी ऐकलं.

त्याच आठवड्यात चंदगडकडे मामाच्या नातवाचं जावळ होतं. आई म्हणाली, मला ताप आल्यासारखा वाटतोय, सारिका जाऊ दे माझ्या बदली. आत्यानं पथ्याची सगळी यादी मला तोंडपाठ करायला लावली आणि ती मामीला फोनवरून सांगायची जबाबदारी आईवर टाकली. मामीला त्यातलं अक्षरही कळलेलं नव्हतं, असं मला तिथं गेल्यावर समजलं. आई विसरली होती की विसरल्यासारखं केलं होतं, ते मी तिला नंतर पुष्कळदा विचारलं. ती नुसती हसते.

मांडवात पंगत बसली. माझ्या पानात भाकरी आली, सुकं मटण आलं, वर तेलाची तर्री असलेला रस्सा आला. मी तो वास घेतला आणि मनात म्हटलं, नोकरी गेलीच आहे, निपाणीचा मुलगा येणारच आहे, मग उपाशी कशाला मरायचं? आणि जेवले. कशी जेवले विचारू नका. मामी वाढताना थांबली आणि म्हणाली, "अगं, घरी जेवायला घालत न्हाईत काय तुला?" मी मान हलवून घास गिळला. दोन दिवस मी मामाकडे होते आणि दोन्ही दिवस तीनदा जेवले.

परतताना वाटेत गडहिंग्लज होतं आणि तिथं तिसरी तपासणी करायची म्हणून जुने कागद मी बरोबरच घेतले होते. आता दंड भरल्यासारखं ते उरकायचं म्हणून मी सकाळी रक्त देऊन बसस्टँडवर बसून राहिले. दुपारी कागद घ्यायला गेले तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसानं मला थांबवलं. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, पुन्हा रक्त द्या, पैसे नकोत. पुन्हा दिलं. पुन्हा तोच आकडा आला, १.३.

मी ते कागद मांडीवर घेऊन बसले. बोर्डाचा, पंधरवड्याचा, त्यानंतरचा आणि आजचा. प्रत्येक आकड्याच्या आदल्या दिवशी मी काय खाल्लं होतं ते आठवून पाहिलं. जितकी उपाशी, तितका आकडा वर. पोटभर जेवले तर खाली. रोगापेक्षा इलाज भयंकर हे मी ऐकलं होतं, पण इथं इलाज हाच रोग दिसत होता. मला हसायला आलं आणि मग मी दिवस मोजले. हे खरं असलं तर दीड महिन्यातले उरलेले बारा-तेरा दिवस पुरेसे होते.

डॉक्टर हेब्बाळकरबाईंचा दवाखाना तिथल्याच बाजारपेठेत होता. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. काय होतंय म्हणून त्यांनी विचारलं. काहीच होत नाही, मी म्हटलं, मला एक विचारायचंय.

"विचार."

"जेवल्यानं कावीळ कमी होते का?"

लिहायला घेतलेलं पेन त्यांनी खाली ठेवलं. "कुणाची?"

मी चारही कागद त्यांच्यासमोर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाआधीचं जेवण सांगितलं. पहिल्या कागदापाशी त्या थांबल्या. बोर्डाच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं? मी आठवलं. आदल्या दिवशी संकष्टी होती. नोकरीसाठी म्हणून आत्यानं ती मला धरायला लावली होती, रात्री चंद्रोदयाच्या वेळी मी एस्टीत होते आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. म्हणजे दीड दिवस पोटात काहीच नव्हतं.

बाईंनी माझं पोट दाबून पाहिलं, आणखी रक्त काढायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. पक्कं कळेपर्यंत घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. लिव्हरचे बाकीचे सगळे आकडे चांगले आले होते. रक्तही नेहमीपेक्षा जास्त मोडत नव्हतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "रक्तातल्या लाल पेशी रोज थोड्या थोड्या जुन्या होतात आणि मोडतात. त्यातून हा पिवळा रंग निघतो. तुझ्यात, माझ्यात, सगळ्यांच्यात. लिव्हर तो रंग धुऊन घेते आणि पित्ताबरोबर बाहेर सोडते. या आकड्यात दोन भाग असतात, धुतलेला आणि धुवायचा राहिलेला. लिव्हरला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, की धुतलेलासुद्धा मागं साठतो. तुझा जवळजवळ सगळा धुवायचा राहिलेला आहे."

"म्हणजे माझी लिव्हर आळशी आहे?"

"लिव्हर चांगली आहे. हे एक काम ती जन्मापासून जरा सावकाश करते. उपाशी राहिलीस, फार दमलीस की आणखी सावकाश. शंभरांत चार-पाच माणसं अशी असतात, बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही. याला औषध नाही, कारण हा आजार नाही."

मला एवढ्यानं समाधान झालं नाही. "मग हे ०.३ ते १.२ कुणी ठरवलं?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "पुष्कळ धडधाकट माणसांचं रक्त मोजलं आणि त्यातल्या बहुतेकांचे आकडे जिथं बसले ती चौकट छापली. बहुतेकांचे म्हटलं मी, सगळ्यांचे नाही. थोडी धडधाकट माणसं चौकटीबाहेर राहतातच. म्हणून नुसता आकडा बघायचा नसतो, माणूसही बघायचा असतो. पण तुझ्या बोर्डाला चौकटीतला आकडा लागणार."

मी विचारलं, की मग मुद्दाम जेवून गेले तर ती फसवणूक होईल का. त्या म्हणाल्या, "उपाशी ठेवून काढलेला तुझा आकडा खोटा होता. रोज जेवतेस तशी जेव. रात्री पोटभर जेव, सकाळी लवकर रक्त दे. तो तुझा खरा."

मी नाचतच घरी आले. सगळं सांगितलं, कागद दाखवले, धुतलेलं आणि न धुतलेलं समजावलं. अण्णा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, डॉक्टरीण सांगतेय तर करून बघू. आईनं लगेच फळीवरची पळी काढली. आत्या उठून चुलीच्या तोंडाशी जाऊन बसली.

"या चुलीवर व्हणार न्हाई," ती म्हणाली.

मी खुंटीपासून सुरुवात करून सगळे दाखले दिले. आई हळूच म्हणाली, अहो वन्सं, आकडाच उतरलाय. आत्यानं कुणाचंच ऐकलं नाही. ती भांडली नाही, ओरडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. नेहमी ती वाद घालायची, टोमणा मारायची. त्या दिवशी नुसती चुलीकडे तोंड करून बसली.

"आत्या, माझी नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊं दे. नोकरी दुसरी मिळंल."

"तू अडाणी आहेस म्हणून मी घरात बसू?"

आईनं मला गप्प केलं. आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "तुला खायाचं तर खा बाई. मामाकडं जाऊन खा. माझ्या डोळ्याम्होरं नगं, आन् या घरातल्या हातचं नगं."

मी मामाकडे गेले. रागानं गेले, मागे वळून पाहिलं नाही. मामीला या वेळी सगळं नीट सांगितलं आणि तिनं ते फार मनावर घेतलं. दहा दिवसांत माझे गाल भरले, चढावर पाय पुन्हा चालायला लागले. बोर्डाच्या आदल्या दिवशी मामा मला घेऊन कोल्हापूरला आला आणि रात्री आम्ही एका खानावळीत भरपेट जेवलो. मामा मला वाढायला सांगत होता आणि खानावळवाला आमच्याकडे संशयानं बघत होता.

तेच डॉक्टर, तोच अंगठा, तीच खिडकी. त्यांनी पापणी ओढली, बराच वेळ पाहिलं आणि कागद हातात घेतला. बाकावरची मुलगी दाराच्या फटीतून दिसत होती.

"एक पूर्णांक एक," ते म्हणाले. जुना कागद शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही पाहिले. "कुठलं औषध घेतलंस?"

"जेवले, साहेब."

त्यांना ही थट्टा वाटली असावी. पण त्यांनी शिक्का मारला. पात्र. बाहेर आल्यावर मी त्या मुलीला काय म्हणणार होते कोण जाणे. ती उठून माझ्या आधीच निघून गेली होती. पुढच्या भरतीत ती लागली. आज आम्ही दोघी एकाच परिमंडळात काम करतो, आणि ते पाणी मी तिला पुष्कळ वेळा परत केलं आहे.

घरी पेढे वाटले गेले. अण्णांनी निपाणीला निरोप धाडला, की मुलगी नोकरीला लागली, तूर्त नको. आत्यानं पेढा घेतला, देवापुढे ठेवला आणि मागच्या दारी वालाच्या शेंगा सोलायला जाऊन बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. जिंकले होते, त्यामुळे राग उरला नव्हता.

शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "त्याल-तिखट खाल्लंस?"

"हो."

"रस्सा?"

"रोज."

"आन् काय झालं न्हाई."

"काही नाही. उलट उतरलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती बोलायला लागली, आणि बोलताना माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या नवऱ्याला दीड-दोन महिने कावीळ होती. सासूनं कडक पथ्य ठेवलं होतं. शेवटचे दोन दिवस त्यांना माणसं ओळखू येईनात, ते भलतंच बडबडायचे, दिवसा झोपून राहायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाएकी डोळे उघडले, तिला नावानं हाक मारली आणि म्हणाले, खेकड्याचा रस्सा कर गं. सासू शेतावर होती. आत्या तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. ती ओढ्यावर गेली, खेकडे आणले, चुलीवर रस्सा केला आणि त्यांना भरवला. दोन-तीन चमचे गेले असतील. पहाटे ते गेले. सासूनं मडक्याच्या तळाशी राहिलेला रस्सा पाहिला आणि भरल्या घरात बोलली, माझं लेकरू हिनं वाढून मारलं. तेराव्या दिवशी तिला माहेरी धाडून दिलं.

"सारके," आत्या म्हणाली, "तुला समदं कळतंय. मग सांग. माझ्या हातचं खाऊन गेलं काय ते?"

हो नाही तर नाही म्हणणं सोपं होतं. पण मला ते माहीत नव्हतं. माझ्या आकड्यावरून त्यांच्या आजाराचं काही सांगता येत नव्हतं, तो वेगळा होता. मी तसं तिला सांगितलं. आणि म्हटलं, ज्यांना कळतं त्यांना विचारू.

दुसऱ्या दिवशी आम्ही गडहिंग्लजला गेलो. हेब्बाळकरबाईंनी दुसऱ्या रुग्णांना थांबवलं आणि आत्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पोट फुगलं होतं का, किती दिवस झोपून होते, माणसं ओळखायचे थांबले ते कधी, रस्सा देण्याच्या आधी की नंतर. आत्या प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर देत होती. इतक्या वर्षांत एक दिवससुद्धा तिच्या डोक्यातून पुसला गेलेला नव्हता.

"आधी," आत्या म्हणाली. "दोन दिस आधीपासनं वळकत न्हवतं."

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "त्यांची लिव्हर तेव्हाच संपली होती. तिनं काम सोडलं की मेंदूवर परिणाम होतो, म्हणून ते बडबडत होते. त्या काळी त्यांना कुणी वाचवू शकलं नसतं. आजही कठीण. दोन चमचे रस्सा दिला असता काय, नसता दिला काय, ते जाणारच होते. तुम्ही त्यांना मारलं नाही."

"जाणारच हुते," आत्यानं हळू आवाजात म्हणून पाहिलं.

"हो."

"मग इतकी वरसं कुणी बोललं कसं न्हाई मला?"

"तुम्ही कुणाला विचारलं होतं का?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "कुणी हो म्हनलं असतं तर?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मला धपाटे घालणाऱ्या त्या बाईनं आजऱ्यापर्यंत मला उसंत दिली नाही. लिव्हर कुठल्या बाजूला असते, रक्त लाल तर रंग पिवळा कसा, तो धुऊन जातो कुठं. मी हात लावून लावून सांगत होते. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

गाव जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "तुझा आकडा शेवटाला किती आला म्हनलीस?"

"एक पूर्णांक एक."

"आन् त्येंचा किती असंल गं?"

"कुणी मोजलाच नव्हता ना, आत्या."

"मोजायला पायजे हुता," ती म्हणाली. "चोवीस वरसांचं हुतं गं ते."

आणि आत्या रडायला लागली. इतकी वर्षं ती फक्त स्वतःला शिक्षा करत आली होती, त्यांच्यासाठी रडायला तिला कधी तोंडच उरलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. आमचा थांबा आला, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. आम्ही उतरलो नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि चालत परत आलो.